तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करायचंय, पैसा आणायचा कुठून? ग्वाल्हेरच्या संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, दतिया या पट्ट्यात तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसांसाठी काही करू पाहणाऱ्या छोट्या संस्थांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यासाठी अनुदान कुठलं मिळतं?’ ‘बंदी पुनर्वसन’ अशी पाटी लावलेली एकच खिडकी शोधत बसलात तर चपला झिजतील आणि हाती फार काही लागणार नाही. पैसा आहे, पण तो उपजीविका, व्यसनमुक्ती, महिला निवारा, कायदेशीर मदत अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: कामाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा खिसा शोधायचा. शिवाय जे सरकार आधीच देतं, ते अनुदानात मागायचंच नाही.

आपल्या भागाला हा विषय नवा नाही. 1960 साली विनोबा भिंड-मुरैनात पायी फिरले आणि चंबळच्या बागींनी (डाकूंनी) त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. 14 एप्रिल 1972 ला जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोठं समर्पण झालं. पुढच्याच वर्षी मुंगावलीत खुलं कारागृह निघालं. शिक्षा भोगून झाल्यावर या माणसांचं आणि त्यांच्या बायकामुलांचं काय, हा विचार समर्पणाच्या वाटाघाटींतच होता. आज सुटणाऱ्या सामान्य माणसाच्या मागे ना विनोबा असतात ना जेपी. त्याच्यासाठी प्रस्ताव तुम्हालाच लिहायचा आहे.

आधी ठरवा: कोणासाठी?

‘सुटलेले बंदी’ म्हटलं की जन्मठेप भोगून आलेला पांढऱ्या केसांचा माणूस डोळ्यांपुढे येतो. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या तुरुंग आकडेवारीनुसार देशात 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302, म्हणजे 75.8 टक्के, कच्चे कैदी होते. खटला चालू, निकाल नाही. तेव्हा दारातून बाहेर पडणाऱ्यांत मोठा भाग जामिनावर सुटलेल्यांचा असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मुळे यात भर पडते. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सोय नाही.

दोन गटांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. शिक्षा संपवून आलेला कोर्टातून मोकळा असतो, पण घर, शेत, नाती सगळं विस्कटलेलं असतं. त्याच्या सुटकेची तारीख बरीच आधी कळते आणि तुम्हाला तयारीला वेळ मिळतो. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला शिक्षेत माफी मिळून एकदम अनेक जण सुटतात, तेव्हा तर कार्यकर्ते आणि पैसा दोन्ही हाताशी लागतात. जामिनावर सुटलेल्याचं घर बहुधा शाबूत असतं, पण त्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी पेशीला, म्हणजे कोर्टातल्या तारखेला, उभं राहायचं असतं. एक तारीख चुकली की वॉरंट, जामीन रद्द, परत आत. दोन्ही गटांसाठी एकाच संस्थेने पहिल्याच वर्षी काम काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवी संस्था असेल तर जामिनावर सुटलेल्यांपासून सुरुवात करा. गरज मोठी, दर माणशी खर्च कमी, आणि परिणाम वर्षभरात दाखवता येतो.

गरज सिद्ध करायला माहितीचा अधिकार वापरा

‘आमच्या जिल्ह्यात अशा लोकांची संख्या खूप आहे’ या वाक्यावर कोणी पैसे देत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज कारागृहाच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे. मागायचं एवढंच: मागच्या आर्थिक वर्षात किती जण जामिनावर सुटले, किती शिक्षा पूर्ण करून, त्यांत महिला किती, वयोगट कोणते, आणि राहण्याचा जिल्हा कोणता. नावं मागू नका. ती मिळणार नाहीत, मिळूही नयेत, आणि मागितलीत तर बाकीचा अर्जही अडकेल.

यांतला राहण्याचा जिल्हा हा रकाना सर्वांत कामाचा. ग्वाल्हेरच्या केंद्रीय कारागृहात आजूबाजूच्या जिल्ह्यांतलेही बंदी असतात. मालनपूरचं औद्योगिक क्षेत्र भिंड जिल्ह्यात आणि बानमोरचं मुरैना जिल्ह्यात. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर घालायचा, पैसा खर्च करताना कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कंपनी कायदाच सांगतो. मालनपूरच्या कंपनीपुढे ‘ग्वाल्हेरच्या तुरुंगातले लोक’ म्हणून गेलात तर ती म्हणेल, आमचा जिल्हा नाही. ‘सुटून भिंड जिल्ह्यात परतणारे इतके जण’ असा आकडा घेऊन गेलात की बोलणं सुरू होतं.

कागद: ज्यांच्याशिवाय पुढचं सगळं फुकट

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच निम्म्या संस्था गळतात.

मध्य प्रदेशात बहुतेक संस्था मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली नोंदलेल्या असतात. किमान 7 सदस्य लागतात. उद्दिष्टांत ‘बंदी आणि त्यांच्या कुटुंबांचं कल्याण, कायदेशीर मदत, कौशल्य प्रशिक्षण’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. जुन्या संस्थेच्या नियमावलीत फक्त ‘सांस्कृतिक कार्य’ असेल (आपल्या कितीतरी मराठी मंडळांची हीच स्थिती आहे) तर आधी दुरुस्ती करून घ्या. दरवर्षी कलम 27 ची कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 चे लेखे निबंधकाकडे जायलाच हवेत. चार वर्षांचे थकलेले असतील तर प्रस्ताव लिहिणं थांबवा आणि ते आधी भरा. देणगीदार पावती मागतोच.

त्यानंतर संस्थेच्या नावाचा पॅन, बँक खातं, आणि नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. केंद्राच्या अनुदानाला दर्पण क्रमांक लागतो.

आयकराच्या दोन नोंदण्या: 12ए, ज्याने संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहतं, आणि 80जी, ज्याने देणगीदाराला सवलत मिळते. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू होऊन कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, तरी सीएंच्या टेबलावर 12ए-80जी हेच शब्द चालतात. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. तिची मुदत संपण्याआधी नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ही तारीख अध्यक्षांच्या फोनमध्ये टाका, सचिवांच्या टाका आणि सीएला वेगळी कळवा. ती हुकली की 80जी गेलं, आणि 80जी गेलं की सीएसआर गेलं.

कंपन्यांकडून पैसा घ्यायचा तर सीएसआर-1 हा फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरून क्रमांक घ्यावा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून तो सक्तीचा आहे. शिवाय कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल तर तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. तुमची संस्था कालपरवाची असेल तर अनुभव असलेल्या संस्थेची भागीदार म्हणून काम करा. करार लेखी हवा, आणि कोण किती खर्च करणार हे त्यात आकड्यांत हवं.

परदेशी पैशाचं इथे फार सांगत नाही. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीला 3 वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात किमान 15 लाखांचा सामाजिक खर्च दाखवावा लागतो, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उघडावं लागतं, प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पहिल्या तीन वर्षांत या वाटेला जाऊ नका.

सरकार काय देतं ते आधी वजा करा

तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. सुटल्यावर ‘कोठडीतली व्यक्ती’ ही पात्रता संपते. मग महिला, अनुसूचित जाती-जमाती किंवा उत्पन्नमर्यादेत बसणारा या आधारावर हक्क शाबूत ठेवावा लागतो. बऱ्याच जणांचा वकील इथेच सुटतो. म्हणून प्रस्तावात ‘वकिलाचं मानधन’ लिहिण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तुमच्या एक-दोन कार्यकर्त्यांना तिथे विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेऊ द्या. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रापर्यंत पोचायचा तो सगळ्यांत सरळ रस्ता आहे. एरवी आत जायचं तर अधीक्षकांची आणि भोपाळच्या जेल मुख्यालयाची परवानगी काढताना महिने जातात.

जामिनाची रक्कम भरता न आल्याने अडकलेल्यांसाठी केंद्राची गरीब बंदी सहाय्य योजना आहे. 2023 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत जामीन आणि शिक्षा झालेल्याला 25,000 रुपयांपर्यंत दंड भरण्यासाठी मदत मिळत असे. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा असतो. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, काळा पैसा आणि यूएपीए (दहशतवादविरोधी) कायद्यांखालचे आरोपी त्यात येत नाहीत. हा पैसा संस्थेला मिळत नाही, पण बंद्याची आर्थिक स्थिती तपासायला समिती सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेऊ शकते. ती मदत करा. फुकट करा. वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे प्राधिकरणाच्या सचिवांचं एक पत्र असेल, आणि ते पत्र कुठल्याही चकचकीत अहवालापेक्षा जास्त वजनाचं असतं.

सुटलेल्या निराधार स्त्रियांसाठी केंद्राच्या मिशन शक्ती योजनेखाली शक्ती सदनं ही निवारागृहं आहेत. पूर्वीच्या स्वाधार गृह योजनेच्या लाभार्थ्यांत तर तुरुंगातून सुटलेल्या निराधार स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख होता. व्यसनमुक्ती केंद्रांना सामाजिक न्याय मंत्रालय ई-अनुदान पोर्टलवरून अनुदान देतं, पण असं केंद्र चालवणं हे स्वतंत्र, चोवीस तासांचं काम आहे. छोट्या संस्थेने त्याचा अर्ज करू नये. आधीपासून चालू असलेल्या केंद्राशी पाठवणीचा करार करावा आणि प्रस्तावात फक्त जाण्या-येण्याचा खर्च धरावा. प्रशिक्षणासाठी ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आणि जन शिक्षण संस्थान आहेत. हातगाडी लावणाऱ्याला पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज 15,000 रुपयांपर्यंत मिळतं.

एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं, ते तुमचं खरं अंदाजपत्रक. आणि उरतं ते काय, हे एका माणसाच्या पहिल्या आठवड्याकडे पाहिलं की कळतं.

पहिला आठवडा आणि एक बंद सिम

जामिनाचा आदेश कोर्टातून निघून कागदपत्रांसह तुरुंगात पोचेपर्यंत दिवस मावळतो, त्यामुळे माणूस बहुधा संध्याकाळी बाहेर येतो. हातात पिशवी, पिशवीत आत जाताना जमा करून घेतलेला फोन. फोन चार्ज केला तरी सिम बंद. काही महिने वापर नसला की कंपनी नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. आधारला जोडलेला नंबर तोच. आता आधारचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. दोन वर्षं व्यवहार नसल्याने बँकेचं खातं निष्क्रिय झालेलं. ते चालू करायला केवायसी, केवायसीला ओटीपी. रेशन कार्डातलं नाव टिकवायलाही ई-केवायसी. मजुरी खात्यावर घ्यायची तर खातं नाही.

हे सगळं सोडवायला काय लागतं? एक नवं सिम, आधार केंद्रावर स्वतः जाऊन नंबर बदलायचं 75 रुपये शुल्क, बँकेत एक फेरी, आणि सोबत एक माणूस ज्याला कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे माहीत आहे. सिम-शुल्काचे पैसे किरकोळ आहेत, सोबतच्या माणसाचा पगार मात्र किरकोळ नाही. आणि नेमका तोच पगार द्यायला देणगीदार कां-कूं करतात. शिवणयंत्राशेजारी फोटो निघतो. खिडकीपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचा निघत नाही.

अंदाजपत्रक: एक नमुना

वर्षाला 60 जणांसाठी 12 लाखांचं अंदाजपत्रक कसं दिसेल ते मांडतो. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला.

दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, दरमहा 18,000 प्रमाणे: 4,32,000.
एक अर्धवेळ समुपदेशक, दरमहा 12,000: 1,44,000.
पहिल्या आठवड्याची मदत (प्रवास, सिम, कपडे, शिधा, कागदपत्रं), माणशी 2,500: 1,50,000.
पेशीचा प्रवास, 60 जण, सरासरी 8 तारखा, दर तारखेला 300: 1,44,000.
18 जणांना अवजारं किंवा छोटं भांडवल, प्रत्येकी 10,000: 1,80,000.
तात्पुरत्या मुक्कामाची एक खोली, दरमहा 6,000: 72,000.
लेखापरीक्षण, फोन, स्टेशनरी: 78,000.

बेरीज 12,00,000, म्हणजे माणशी 20,000 रुपये.

आता खिसे. अवजारं, भांडवल आणि एका कार्यकर्त्याचा पगार सीएसआरकडे न्या. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ‘बंदी’ हा शब्द नाही, पण रोजगारक्षम कौशल्यं, उपजीविका वाढवणारे प्रकल्प आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणं हे विषय आहेत. प्रस्तावात कोणत्या बाबीखाली मागताय ते त्याच भाषेत लिहा, म्हणजे कंपनीच्या समितीला शोधत बसावं लागणार नाही. दुसरा कार्यकर्ता आणि समुपदेशक यांच्यासाठी खाजगी फाउंडेशनकडे जा. अझीम प्रेमजी फाउंडेशन मध्य प्रदेशात आहे आणि संस्थांना अनुदानही देतं. अशा ठिकाणी माणसांच्या पगाराचं महत्त्व सीएसआरपेक्षा लवकर पटतं.

पहिल्या आठवड्याची मदत आणि पेशीचा प्रवास हे दोन खर्च मी तरी शहरातल्याच लोकांकडून उभे करीन. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत वाढदिवस, श्राद्ध, निवृत्ती अशा निमित्ताने 2,500 रुपये देणारे असतात. ‘एका माणसाचा घरी परतण्याचा पहिला आठवडा’ हे त्यांना लगेच समजतं. पावती 80जीची द्या. 2,000 रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच घ्या. वर्षअखेरीला देणगीदारांच्या यादीचं विवरण आयकर खात्याला वेळेत गेलं नाही तर दंड पडतो आणि लोकांची सवलतही अडकते.

भांडवलाच्या ओळीत ऋतूंचा हिशोब ठेवा. आपल्याकडे हिवाळ्यात काम मिळतं. मुरैनाच्या गजकीचे (तीळ-गुळाच्या मिठाईचे) कारखाने, ग्वाल्हेरला 1905 पासून भरणारा व्यापार मेळा, लग्नांचे मांडव. डिसेंबरात सुटलेला माणूस कुठेतरी लागतो. जूनमध्ये सुटलेल्याला हात पसरावे लागतात. 1,80,000 मधला मोठा वाटा एप्रिल ते सप्टेंबरसाठी राखून ठेवा, आणि कंपनीचा हप्ता त्याप्रमाणे मागा.

कंपनीतला अधिकारी ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको’ म्हणेल. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाची आहे. सुटलेल्या माणसाबरोबर बँकेत जाणारा कार्यकर्ता म्हणजे प्रकल्पच, त्याला ऑफिसखर्चात ढकलू देऊ नका. नम्रपणे पण ठामपणे सांगा. इथे मान तुकवलीत की वर्षभर पदरमोड.

प्रस्तावाची भाषा

प्रस्ताव हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल, पण विचार कुठल्याही भाषेत सारखाच. हे वाक्य पाहा: ‘समाजापासून दुरावलेल्या बंदीजनांना मुख्य प्रवाहात आणून त्यांचा सर्वांगीण विकास साधणे.’ यात तपासता येईल असं काही नाही. त्याऐवजी: ‘भिंड जिल्ह्यात परतणाऱ्या, जामिनावर सुटलेल्या 60 जणांपैकी किमान 50 जणांचं आधार आणि बँक खातं सुटकेपासून 30 दिवसांत चालू होईल, 90 दिवसांत किमान 35 जण नियमित कमावत असतील, आणि वर्षभरात कोणाचीही पेशी प्रवासखर्चाअभावी चुकणार नाही.’

‘पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण इतकं कमी करू’ असं वचन देऊ नका. 60 जण, एक वर्ष, आणि पोलिसांच्या नोंदी तुमच्या हाती नाहीत. ते मोजताच येणार नाही. चुकलेल्या पेशा मात्र मोजता येतात. प्रत्येक खटल्याची पुढची तारीख आणि हजेरीचा आदेश कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दिसतो. देणगीदाराला स्वतः तपासता येईल असा निकष तुम्हीच देताय, याचा परिणाम वेगळाच होतो.

‘गुन्हेगारांवर पैसा का घालायचा?’ हा प्रश्न बैठकीत येणारच, कधी उघड, कधी ‘आमच्या बोर्डाला पटवणं अवघड आहे’ असा आडून. ‘मदत केली नाही तर ते पुन्हा गुन्हे करतील’ हे उत्तर टाळा. तुम्ही माणसाला धोका म्हणून विकताय, आणि उद्या त्याच कंपनीत त्याला कामावर घ्या म्हणायला जाल तेव्हा हेच वाक्य तुमच्या आड येईल. त्याऐवजी आकडा ठेवा: चारांतले तीन जण अजून दोषी ठरलेले नाहीत. आणि मागे घरात कोण आहे ते सांगा. मध्येच शाळा सुटलेली मुलगी, सावकाराकडे गहाण पडलेली म्हैस.

वेळेचंही गणित आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिल्या काही महिन्यांत कंपन्यांच्या समित्या वर्षाचे प्रकल्प ठरवतात. मे-जूनमध्ये भेटा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा संपवायची घाई असते. तेव्हा मिळतो तो एकरकमी, वस्तूंसाठी, आणि पगारासाठी बहुधा नाहीच. तुमच्या भागात कोणती कंपनी कशावर खर्च करते हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर आधी पाहून जा.

नावं, फोटो, सह्या

लाभार्थ्यांची यादी हा या कामातला सर्वांत नाजूक कागद. देणगीदाराला नाव, पत्ता, आधार, फोटो सगळं हवं असतं. पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: यादी सांकेतिक क्रमांकांची जाईल, मूळ नोंदवही संस्थेच्या कपाटात राहील, आणि लेखापरीक्षक येऊन ती पाहू शकेल. गुन्ह्याचं कलम कुठल्याच यादीत लिहायचं नाही. फोटो काढायचा तर लेखी संमतीने, चेहरा न दिसता, आणि ‘नाही’ म्हटलं तरी मदत थांबणार नाही हे संमतीपत्रावर छापून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 चा हवाला दिला की कंपनीचे लोक सहसा वाद घालत नाहीत. मोहल्ल्यात ‘हा जेलवाला’ हे नाव पडायला एक फ्लेक्स पुरतो. धनादेश वाटपाचा कार्यक्रम, स्टेज, हार, वर्तमानपत्रातला फोटो यांचा आग्रह धरणारं अनुदान सोडून द्यावं लागलं तरी चालेल.

पैसा आल्यावर

प्रत्येक अनुदानाचं खातेपुस्तक वेगळं. प्रत्येक बिलावर रबरी शिक्का: ‘खर्च अमुक प्रकल्पातून’. एकच बिल दोन देणगीदारांना दाखवलं गेलं तर पुढे त्या गावात तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही, आणि हे बहुतेक वेळा लबाडीने नाही, गलथानपणाने होतं. शिक्क्याला शंभर-दीडशे रुपये लागतात.

एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रोख देऊ नका, तो खर्च आयकरात धरला जात नाही. प्रवासाची रक्कम रोखच द्यावी लागते आणि टेम्पोवाला पावती देत नाही. अशा वेळी व्हाउचर करा: तारीख, कुठून कुठे, कोणत्या कोर्टात पेशी, रक्कम, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, सोबतच्या कार्यकर्त्याची सही. मागे ई-कोर्ट्सवरच्या त्या दिवसाच्या नोंदीची छापील प्रत टाचा. लेखापरीक्षकाला 300 रुपयांच्या कागदाचा याहून भक्कम पुरावा मिळत नाही.

केंद्राच्या अनुदानाचा हिशोब उपयोगिता प्रमाणपत्राने द्यावा लागतो, नमुना जीएफआर 12-ए. मागचं प्रमाणपत्र गेलं नसेल तर पुढचा हप्ता येत नाही. सीएसआरमध्ये वर्षअखेरीला पैसा उरला तर तो प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून आधीच मंजूर आहे का ते कराराच्या वेळीच विचारा. तसा असेल तर कंपनीला उरलेली रक्कम 31 मार्चनंतर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे तुमच्यावरच खर्च करता येते. नसेल तर तुमच्या सहा महिन्यांच्या कामाचा पैसा सरकारी निधीत जाईल. म्हणून करारावर सही करण्याआधी त्यात ‘चालू प्रकल्प, कालावधी 3 वर्षं’ हे शब्द आहेत का पाहा. नसतील तर घालून घ्या, आणि जानेवारीत एकदा फोन करून उरलेल्या रकमेचा आकडा कंपनीच्या वित्त विभागाला लेखी कळवा.